शब्दचर्चा: 'आनुवंशिक' म्हटलं की घरचे म्हणतात, 'आमच्यात कुणालाच नाही'

मुक्ता_नाशिक

पालकांना द्यायचं एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. विषय असा की काही मुलांना एखाद्या साध्या विषाणूचा इतका जबर त्रास का होतो, आणि त्यामागे जनुकं कशी असतात. मुख्य उदाहरण हर्पिस सिम्प्लेक्सचं आहे. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे फोड उठतात, ते या विषाणूचे. जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पण फार क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत तो शिरतो आणि मूल दगावू शकतं. पॅरिसच्या नेकर रुग्णालयातल्या काझानोव्हा यांच्या गटानं २००६ आणि २००७ मध्ये दाखवून दिलं की अशा काही मुलांत एकाच जनुकात बिघाड असतो. त्यातलं एक जनुक टीएलआर-३.

मी लिहिलं 'आनुवंशिक कारण'. कच्चा मसुदा एका रुग्णाच्या आजोबांना वाचायला दिला, तर ते म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांत कुणाला असलं काही झालं नाही. मग आनुवंशिक कसं?" डॉक्टरांनी तो शब्द खोडून 'जन्मजात' केला. त्यावर मुलाची आई म्हणाली, "जन्मजात कसलं? पाच वर्षं ठणठणीत होता की."

दोघांचंही म्हणणं खरं आहे. बिघाड जन्मापासूनचा, पण त्या एका विषाणूशी गाठ पडेपर्यंत मूल धडधाकट. हे सांगणारा शब्द आहे का आपल्याकडे?

अक्षरसोपान

सर्वप्रथम 'आनुवंशिक' असं शुद्ध लिहिल्याबद्दल आभार. 'अनुवांशिक' वाचून वाचून डोळे दुखायला लागलेत. अनुवंशाला 'इक' प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते. अनुषंगाचं आनुषंगिक, अनुभवाचं आनुभविक, तसंच हे.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला हवा तो शब्द 'जनुकीय' आहे. आनुवंशिक म्हणजे वंशातून आलेलं. जनुकीय म्हणजे जनुकातलं, मग ते वंशातून येवो वा न येवो. दोन शब्द दोन अर्थांसाठी आहेत, ते नीट पाळले तर आजोबांचा प्रश्नच उद्भवत नाही.

कृष्णाकाठ

सोपानकाका, कागदावर पटतं. पण आमच्या तालुक्यात 'जनुकीय' म्हटलं तर लोकांना कापसाचं बियाणं आठवतं. जनुकीय वाण, जनुकीय बदल केलेलं पीक, हेच त्यांनी कृषी खात्याकडून ऐकलंय. पोराच्या आजारपणात तो शब्द आला तर कुणीतरी पोरावर काही प्रयोग केला असंच वाटेल.

श्वेतपेशी

मी रक्ततपासणीच्या क्षेत्रात काम करते. आजोबांच्या 'सात पिढ्यां'बद्दल थोडं लिहिते, कारण शब्द निवडायचा तर आधी गोष्ट स्पष्ट हवी.

घराण्यात कुणालाच नसूनही कारण जनुकात असतं, ते निदान तीन वाटांनी. एक म्हणजे बदल त्या मुलातच नव्यानं झालेला असतो, आईबापांत नसतोच. दुसरी वाट म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन बिघडलेल्या प्रती येतात. एकेक चांगली प्रत असल्यानं ते दोघं निरोगी राहतात. फ्रान्समधल्या अडीच वर्षांच्या एका मुलीला साध्या फ्लूनं अतिदक्षता विभागात नेलं. २०१५ मध्ये तिच्याबद्दलचा शोधनिबंध आला तेव्हा कळलं की तिच्यात आयआरएफ-७ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. आईबाप दोघंही धडधाकट. पुढे दरवर्षी फ्लूची लस घेऊन ती मुलगी बरी राहिली, हेही सांगायला हवं.

तिसरी वाट सर्वांत गोंधळाची. टीएलआर-३ मधला तोच बिघाड घरातल्या इतरांतही असतो, त्यांनाही तोच विषाणू होऊन गेलेला असतो, तरी त्यांच्या मेंदूला काही होत नाही. अशा घरात आजोबांना स्वतःलाच तो बिघाड असू शकतो, आणि तरीही ते "आमच्यात नाही" असं अगदी प्रामाणिकपणे म्हणतील.

तिरफळ

वरचं वाचून मला आमच्याकडचं रोजचं क्रियापद आठवलं: बाधणे. मला दही बाधतं, माझ्या भावाला बाधत नाही. यात दही वाईट आहे असं कुणी म्हणत नाही, मी नासका आहे असंही म्हणत नाही. दोष त्या दोघांच्या जोडीत आहे. मुक्ताताईंना नेमकं हेच सांगायचंय ना?

माझी आजी (सावंतवाडीकडची) लागणं आणि बाधणं यांत फरक करायची. गोवर सगळ्या वाडीला लागला, पण अमक्याच्या झिलाक (मुलाला) बाधलो. लागण सर्वांना, बाधा एखाद्यालाच. मग पत्रकात असं का लिहू नये: 'हा विषाणू लागतो बहुतेकांना, पण ज्यांच्या जनुकात अमुक बिघाड असतो त्यांना तो बाधतो.'

अक्षरसोपान

सुरेख. बाध् म्हणजे पीडा देणे, अडवणे. संस्कृतातही हाच भाव.

पेठकर

कोविडच्या आधी हा फरक चालला असता. त्या साथीच्या काळात सरकारी पत्रकांनी आणि वर्तमानपत्रांनी 'बाधित' शब्दाचा पार चुरा केला. चाचणी होकारार्थी आली की माणूस बाधित. लक्षण नाही, खोकला नाही, घरात बसून पत्ते खेळतोय, तरी बाधित! रोज संध्याकाळी 'आजचे बाधित' असा आकडा यायचा. आता लागण आणि बाधा एकच झालेत लोकांच्या डोक्यात.

तिरफळ

'बाधित' बिघडलं असेल, 'बाधतं' नाही बिघडलं. आजही कुणी म्हणणार नाही की मला पाणीपुरी बाधित झाली.

पेठकर

वापर हाच शेवटी अर्थ ठरवतो. आजीच्या बोलीवर आरोग्यपत्रक बेतता येत नाही.

अक्षरसोपान

मग काय रोजच्या बातमीपत्रावर बेतायचं? चुकीचा वापर लाखांनी केला म्हणून तो प्रमाण ठरत असेल तर कोशच नकोत.

श्वेतपेशी

तुम्ही दोघं थोडं थांबा, मला 'रोगप्रतिकारशक्ती' या शब्दाचं जास्त वाटतं. मसुद्यात 'रोगप्रतिकारशक्ती कमी असल्यामुळे' असं आलं असेल तर ते आधी काढा. टीएलआर-३ बिघडलेल्या मुलांची बाकी प्रतिकारशक्ती उत्तम असते. गोवर, कांजिण्या, जुलाब, जखमा, सगळं ती इतरांसारखीच निभावतात. फक्त मेंदूतल्या पेशींना हर्पिस ओळखून वेळेवर इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूला रोखणारं प्रथिन, तयार करता येत नाही. बहुतांशी एकाच विषाणूपुरती, एकाच अवयवातली फट आहे ती. 'शक्ती कमी' म्हटलं की पालक च्यवनप्राश, काढे, बदाम यांच्या मागे लागतात आणि मुलाला आपणच नीट खाऊ घातलं नाही असं आईला वाटतं. खाण्यानं ही फट बुजत नाही. हर्पिसवर वेळेत असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू होणं महत्त्वाचं.

कृष्णाकाठ

खरंय. 'शक्ती' म्हटली की ती कमी-जास्त होणार, वाढवता येणार. 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशी जाहिरात गोठ्यातल्या पशुखाद्यावर पण असते.

मुक्ता_नाशिक

श्वेतपेशीताई, हे फार मोलाचं. 'प्रतिकारयंत्रणेतील त्रुटी' चालेल?

श्वेतपेशी

यंत्रणा बरोबर. त्रुटीबद्दल मात्र थांबा. त्रुटी, दोष, बिघाड, विकृती, यांतला कुठलाही शब्द आईच्या समोर बसून मोठ्यानं वाचून बघा. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये दोन घरांतल्या भावांच्या दोन जोड्या, चौघेही तरुण आणि आधी निरोगी, कोविडनं अतिदक्षता विभागात गेले. त्यातला एक वारला. चौघांत टीएलआर-७ हे जनुक निकामी होतं. ते एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला एक्स आईकडूनच मिळतो. आता 'आईकडून आलेला जनुकीय दोष' असं मराठीत लिहून बघा, आणि त्या घरात सासू असेल तर पुढे काय होईल याची कल्पना करा. मी हे प्रत्यक्ष ऐकलंय. "तुझ्या माहेरचंच आहे हे," असं भर बाहेरच्या बाकावर. नवऱ्याच्या तोंडातून शब्द निघाला नाही.

मुक्ता_नाशिक

म्हणूनच मला 'आनुवंशिक' नकोसा वाटायला लागलाय. वंश आला की कुणाचा वंश हा प्रश्न आलाच. 'बदल' हा शब्द धरते. 'जनुकातला बदल.' कुणाला टोचत नाही.

पेठकर

बदल फारच गुळमुळीत. मुलगा मरणाच्या दारातून आला आणि आपण म्हणायचं बदल? पालकांना वाटेल काही गंभीर नाही. खरं ते सांगावं, मायेनं सांगावं, पण सांगावं.

वेरूळ_२

वंशाबद्दल एक वेगळा मुद्दा. वंश म्हटलं की आजकाल 'वांशिक'ही डोक्यात येतं, वांशिक दंगल, वांशिक भेदभाव. आणि कोविडच्या बाबतीत हा गोंधळ झालाच. झेबर्ग आणि पेबो या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा जो तुकडा कोविड गंभीर व्हायचा धोका वाढवतो, तो निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाकडून आपल्यात आलाय, सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी. दक्षिण आशियात निम्म्या लोकांत त्याची निदान एक प्रत आहे, युरोपात साधारण १६ टक्के लोकांत. लगेच आमच्या गटात निरोप फिरले की भारतीयांचा वंशच कमजोर. अरे, निम्म्या लोकांत असलेला तुकडा थोडा धोका वाढवतो आणि टीएलआर-७ सारखा दुर्मिळ बिघाड एकट्यानं माणूस आडवा करतो, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी. दोन्हींना 'आनुवंशिक कारण' म्हटलं की फरक पुसला जातो.

पहिल्यासाठी 'कल' आणि दुसऱ्यासाठी 'कारण', असं मी सुचवेन.

अक्षरसोपान

'प्रवणता' हा शब्द तयार आहे. भूकंपप्रवण, अपघातप्रवण.

कृष्णाकाठ

'अपघातप्रवण क्षेत्र' ही पाटी वाचून गाडी हळू करणारा अजून बघितला नाही मी. 'पुढे धोका आहे' लिहिलं की करतात.

तिरफळ

लागण वरून आठवलं. लागण, लागणे आणि लग्न, सगळे 'लग्' या एकाच धातूचे. चिकटणे. ज्योतिषातलं लग्नही तेच.

श्वेतपेशी

लग्नाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता नात्यातल्या लग्नात वाढते, कारण मामे-आते भावंडांची एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडच्या बऱ्याच समाजांत जुनी रीत आहे. पत्रकात हे लिहायचंच असेल तर 'नात्यातील विवाह' असं लिहा. 'रक्तातला विवाह' नको. एका मसुद्यात तसं वाचलं आणि अंगावर आलं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजीची, म्हणजे रक्त आणि प्रतिकारयंत्रणेच्या अभ्यासाची, संस्था आहे, तिथे मुलांच्या प्रतिकारयंत्रणेच्या अशा आजारांवर काम चालतं.

वेरूळ_२

जनुक नपुंसकलिंगी की पुल्लिंगी? वर 'ते जनुक' आलंय, मी कायम 'तो जनुक' म्हणतो.

अक्षरसोपान

ते जनुक. अनेकवचन जनुके होतं ते त्याचमुळे. पुल्लिंगी असता तर 'एक जनुक, अनेक जनुक' म्हणावं लागलं असतं.

पेठकर

आणि लोक 'जीन' म्हणतात, त्याचं लिंग कुणी विचारत नाही.

मुक्ता_नाशिक

आणखी एक अडचण आलीय, ती इथेच विचारते. 'आई वाहक आहे' असं लिहिलं होतं. एका पालकांनी त्याचा अर्थ घेतला की आईनंच तो विषाणू मुलाला आणून दिला. कारण साथीच्या रोगातही 'वाहक' हाच शब्द आहे, डासही वाहक. विषाणूचा वाहक आणि जनुकाचा वाहक एकाच परिच्छेदात आले की घोटाळा होतो.

अक्षरसोपान

'धारक' करा. जनुकधारक. वाहक दुसऱ्याकडे नेतो, धारक स्वतःजवळ बाळगतो.

तिरफळ

धारक छान आहे. पण आई पुढच्या मुलाला देऊ शकते, तो अर्थ धारकात राहत नाही, आणि पालकांना नेमकं तेच विचारायचं असतं: पुढच्या बाळाचं काय?

कृष्णाकाठ

माझी बहीण गडचिरोलीत सिकलसेल या जनुकांतून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या कामात होती. तिकडे 'वाहक' शब्दच चालतो आणि लोकांना नीट कळतो. फक्त तिथे विषाणू मधे येत नाही. ती म्हणते, शब्दाच्या आधी चित्र काढायचं, आईच्या दोन रेघा, बापाच्या दोन रेघा, त्यातली एकेक मुलाला. मग वाहक म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

पेठकर

चित्र ठीक, पण चित्राखाली ओळ लागतेच. 'वाहक' ठेवा आणि विषाणूच्या बाबतीत 'पसरवणारा' लिहा.