ह्यू मर्सर डॉक्टर होता की जनरल?

प्रश्न: अमेरिकन क्रांतीबद्दल वाचताना ह्यू मर्सर हे नाव सारखं येतं, कुठे डॉक्टर म्हणतात कुठे जनरल, नक्की होता कोण?

प्रतिसाद १: दोन्ही. मूळचा स्कॉटलंडचा, ॲबर्डीनला वैद्यक शिकला, १७४६ ला स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत ब्रिटिश राजाविरुद्ध उठलेल्या बंडखोरांकडून सर्जन होता, हरल्यावर धरपकड सुरू झाली तसा लपतछपत पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियात आला आणि सरहद्दीवर डॉक्टरकी करायला लागला.

प्रतिसाद २: १७५६ चा किटॅनिंग या पेनसिल्व्हेनियातल्या मूलनिवासींच्या गावावरचा हल्ला राहिला की! तिथे हाताला गोळी लागली, सोबत्यांपासून तुटला आणि तसाच जखमी हात घेऊन एकटा जंगलातून कितीतरी दिवस चालत किल्ल्यावर पोचला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा बांधणारा माणूस हो, मला तर वाचूनच भरून आलं.

प्रतिसाद ३: पुढे व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गला औषधाचं दुकान टाकलं, चांगला जम बसला होता, तरी १७७६ ला सगळं सोडून वॉशिंग्टनच्या सैन्यात ब्रिगेडियर जनरल झाला. ३ जानेवारी १७७७ ला प्रिन्स्टनच्या लढाईत घोडा जखमी होऊन कोसळला, हा शरण न जाता तलवार घेऊन उभा राहिला आणि ब्रिटिशांनी संगिनींनी भोसकला. डॉक्टर बेंजामिन रश उपचाराला होते, पण ९ दिवसांनी गेला.