‘गेइशा’ला मराठीत काय म्हणाल?

चकली:
काल ‘मेमॉयर्स ऑफ अ गेइशा’ (२००५) पाहत होते. सासूबाईंनी मध्येच विचारलं, “ही कोण गं?” मी म्हटलं, “गणिका.” लगेच पुढचा प्रश्न, “मग गिऱ्हाईक नुसतं गाणं ऐकून कसं उठतंय?” गप्प बसले. नेमका शब्द कोणता? आणि उच्चार गीशा, गेशा की गेइशा?

खडीसाखर:
‘गीशा’ नक्की नाही. लिहिताना ‘गेइ’, पण बोलताना ‘गे’ लांबवतात : गेऽशा.
‘गेइ’ म्हणजे कला, ‘शा’ म्हणजे ती करणारी व्यक्ती. डॉक्टरला ‘इशा’ म्हणतात, पत्रकाराला ‘किशा’, त्यातला ‘शा’ हाच. शब्दात बाई नाही की पुरुष नाही. सुरुवातीचे गेइशा तर पुरुषच, मैफलीत ढोलकं वाजवून, नकला करून हसवणारे. बायका अठराव्या शतकात आल्या.
गणिका म्हणजे तिकडची ‘ओइरान’. तिच्या कमरेच्या ओबीची गाठ पुढे असते, गेइशाची मागे. चित्रात एवढं पाहिलं तरी घोळ मिटतो.

पाटावरवंटा:
मग सरळ ‘कलावंतीण’ म्हणा की. फोड तीच.

खडीसाखर:
फोड तीच, नशीबही तेच. ‘कलावंत’ म्हटलं की शाल-श्रीफळ. ‘ईण’ लागली की लोक आवाज खाली आणतात. गोव्याच्या ज्या परंपरेतून केसरबाई, मोगूबाई आल्या, तिचं हे नाव, पण आज तो शब्द मोकळेपणानं उच्चारतात ते प्रबळगडाशेजारचा ‘कलावंतीण’ सुळका चढणारे ट्रेकर. एका गैरसमजावर दुसरा कशाला?
गैरसमजात सिनेमाचाही हात आहे. कौमार्याचा लिलाव हा त्यातला मोठा प्रसंग. मूळ कादंबरीसाठी ज्यांच्याशी लेखक बोलला, त्या क्योतोच्या माजी गेइशा मिनेको इवासाकी यांनी आपल्या बाबतीत असं काही घडलंच नाही असं सांगितलं आणि लेखकावर दावा लावला. २००३ मध्ये तडजोड झाली. नायिकेचा तो उंच खडावांवरचा, मोकळ्या केसांचा नाच तर मला फॅशन शोच वाटला. मुख्य भूमिकांत चिनी वंशाच्या नट्या, यावरूनही गदारोळ झाला होता.

मुक्काम ओसाका:
गंमत म्हणजे जपानात सिनेमा लागला तो ‘सायुरी’ या नायिकेच्या नावानं. क्योतोत ‘गेइशा’ फारसं म्हणतही नाहीत. तिथे ‘गेइको’, आणि शिकाऊ मुलगी ‘माइको’. ‘माइ’ म्हणजे नाच. माइकोच्या किमोनोची गळपट्टी लाल, भरतकाम केलेली. गेइको झाली की पांढरी. त्या विधीचं नावच ‘एरिकाए’, गळपट्टी पालटणं.
बाकीचे शब्द मराठीत अलगद बसतात. गेइको राहतात त्या घराची मालकीण ‘ओकासान’, म्हणजे आई. थोरली गेइको ‘ओनेसान’, म्हणजे ताई. पूर्वी बैठकीचा वेळ उदबत्त्यांवर मोजत, जितक्या जळल्या तितके पैसे. त्या पैशांना ‘हानादाइ’ म्हणतात, शब्दशः फुलांचे पैसे. इथे ‘बिल’ किंवा ‘फी’ लिहू नका, आपली ‘बिदागी’ चपखल आहे.

चकली:
सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. उदबत्तीपाशी थांबवून म्हणाल्या, “म्हणजे बैठकीच्या बाई. एवढं सांगायला दोन दिवस लागले?” चालेल का हा शब्द?

पाटावरवंटा:
चालेल. पण माइकोला काय म्हणणार, तेही विचारून ठेवा.