मदत हवी आहे: टॅबलेटवर डिव्हाइस इन्फो अ‍ॅपची एपीके चढत नाही

१० इंची टॅबलेट ऑनलाइन घेतला आहे. खोक्यावर आणि सेटिंग्जमध्येही अँड्रॉइड १२, ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज. प्ले स्टोअर नाही, म्हणून हार्डवेअरची माहिती देणाऱ्या अ‍ॅपची ताजी एपीके (अ‍ॅप बसवायची फाइल) पेनड्राइव्हने टाकली. उघडली की पॅकेज पार्स होत नसल्याचा, म्हणजे फाइल वाचता येत नसल्याचा, संदेश येतो. फाइल दोनदा उतरवली, आकार बरोबर आहे. परत करायची मुदत ४ दिवसांत संपते.

प्रतिसाद १
अज्ञात अ‍ॅपची परवानगी नसती तर संदेश वेगळा आला असता, तेव्हा ती अडचण नाही. फाइलच्या नावाचे शेपूट (टिंबानंतरची अक्षरे) बघा. एक्सएपीके किंवा एपीकेएम असेल तर तो तुकड्यांचा गठ्ठा आहे, टॅबलेटचा साधा इन्स्टॉलर तो उघडत नाही. शेपूट एपीकेच असेल तर संशय अँड्रॉइडवर: अ‍ॅपला लागते त्यापेक्षा सिस्टिम जुनी असली की हाच संदेश येतो.

म्हणून आधी हे करा. सेटिंग्जमधल्या 'टॅबलेटविषयी' मध्ये अँड्रॉइड आवृत्तीच्या ओळीवर भराभर टिचक्या मारा. खऱ्या १२ वर घड्याळ येते, काटे १२ वर नेले की रंगीत गोळे दिसतात. ८.१ वर बिस्किट येते आणि त्यावर टिचक्या मारून दाबून धरले की ऑक्टोपस. आवृत्तीचा खोटा आकडा घालणारे लोक हे चित्र बदलायला बरेचदा विसरतात.

मग एपीकेमिरर या साइटवरून सीपीयू-झेड या हार्डवेअर माहितीच्या अ‍ॅपची जुनी आवृत्ती घ्या. तिथे प्रत्येक फाइलपुढे किमान अँड्रॉइड लिहिलेले असते. 'बंडल' नको, 'एपीके' घ्या.

प्रश्नकर्ता
बिस्किट आले, मग ऑक्टोपस! जुनी आवृत्ती लगेच चढली. एपीआय लेव्हल २७, कर्नल (सिस्टिमचा गाभा) एआरएमव्ही७एल, प्रोसेसर ४ कोअर, कॉर्टेक्स-ए७. पण रॅम इथेही ८ जीबीच दाखवतेय. मग रॅम तरी खरी समजायची का?

प्रतिसाद २
नाही. अ‍ॅप स्वतः रॅम मोजत नाही, सिस्टिमने दिलेला आकडा छापते. सिस्टिममध्येच फेरफार असेल तर अ‍ॅपही तेच सांगणार. एपीआय २७ म्हणजे अँड्रॉइड ८.१, १२ साठी ३१ हवा. कॉर्टेक्स-ए७ हा ३२-बिट कोअर, म्हणून फक्त ६४-बिटसाठी बांधलेली अ‍ॅप्स यावर कधीच चढणार नाहीत. सिस्टिम अपडेटने हे सुटत नाही.

स्टोरेज मात्र भरून तपासता येते. २-३ जीबीच्या व्हिडिओ फाइल्स टाकत राहा. ४०-५० जीबी झाले की सगळ्यात आधी टाकलेली फाइल आणि मधली एखादी शेवटपर्यंत चालवून बघा. बनावट स्टोरेजमध्ये कॉपी झाल्यासारखी दिसते, पण फाइल चालत नाही किंवा मध्येच तुटते.

प्रतिसाद १
परताव्यासाठी सीपीयू-झेडच्या 'सिस्टिम' पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात अँड्रॉइड १२ आणि एपीआय २७ एकाच पडद्यावर येतात, तेवढी विसंगती पुरे. सोबत खोक्याचा आणि ऑक्टोपसचा फोटो जोडा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि कृपा करून या टॅबलेटवर बँकेचे किंवा यूपीआयचे अ‍ॅप टाकू नका. ज्याने सिस्टिममध्ये आकडे बदलले, त्याने आणखी काय घातले असेल ते बाहेरून दिसत नाही. पाठवण्याआधी गूगल खाते काढा, मग फॅक्टरी रीसेट.