मदत हवी आहे: मुलाला भारताकडून फुटबॉल खेळायचंय, ओसीआय कार्ड चालतं का?

अनघा_लेस्टर
नमस्कार, आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. घाई आहे म्हणून थेट विचारते. मुलगा फुटबॉल खेळतो, लेफ्ट विंगर आहे. भारताकडून खेळायचं हे त्याने लहानपणापासून मनात धरलंय. ओसीआय कार्डावर खेळता येतं का? नेटवर अर्धे जण हो म्हणतात, अर्धे नाही. शुक्रवारी अर्ज पाठवायचा आहे, त्याआधी खात्रीचं उत्तर हवं. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी लिहावं ही विनंती.

काळा_कोट
नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) हे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड, नागरिकत्व नव्हे, नावात 'सिटिझन' असलं तरी. २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारतीय पासपोर्ट असलेल्यांनीच देशाचं प्रतिनिधित्व करायचं. आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही.
पण तुम्ही अर्ज कसला भरताय ते लिहिलेलं नाही. मुलाचं वय किती, जन्म कुठला, सध्याचा पासपोर्ट कुठला?

फातोर्डेकर
अनघाताई, मुलाला जरूर खेळवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मी गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर होतो, आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचा भारत-सिंगापूर सामना. आपल्या छांगटेने सुरुवातीलाच गोल केला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. मग सिंगापूरच्या साँग उई-यंगने दोन घातले आणि आशियाई चषकाची आपली वाट बंद झाली. हा साँग कोरियात जन्मलेला. त्याच पात्रता फेरीत हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर आपण हरलो, तो मारणारा स्टीफन परेरा ब्राझीलमध्ये जन्मलेला. त्याआधी शिलाँगमध्ये ०-० झालं, तिथे बांगलादेशचं मिडफिल्ड हमझा चौधरीने सांभाळलं, तो इंग्लंडमधला. आपल्या गटातल्या तिन्ही संघांनी दारं उघडली, आणि आम्ही अजून पासपोर्ट-पासपोर्ट करत बसलोय. घरी येताना गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही.

पेठेतला_प्रेक्षक
दारं उघडली म्हणून ते जिंकले असं नाही. आपल्याला समोर गोल रिकामा असताना मारता येत नाही म्हणून आपण हरतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर साध्या लीगच्या सामन्याला गर्दी बघा. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, पेठापेठांतली पोरं पायात चेंडू घेऊन मोठी होतात. त्यातून वर किती गेले? अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळला, त्याचं नाव घेताना आजही ऊर भरून येतो, पण दुसरं नाव चटकन आठवत नाही. चूक पोरांची नाही, वर न्यायला कुणी नाही. आधी ते करा. इंग्लंडमध्ये चांगल्या गवतावर शिकलेलं पोरगं आणून एक जागा भरली की इथल्या एका पोराची जागा गेली. ताई, तुमच्या मुलाविरुद्ध काही नाही.

सौ_नेत्रा_न्यू_जर्सी
ओसीआयबद्दल माझा ताजा अनुभव. पासपोर्ट नवा झाला की दर वेळी कार्ड बदलावं लागायचं, आता तसं नाही. वीस वर्षांखाली कार्ड घेतलं असेल तर विसाव्या वर्षानंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टवर एकदाच बदलायचं. फोटो चौकोनी लागतो, पार्श्वभूमी फिकट हवी, पण पांढरी नको. आमचा अर्ज दोनदा फोटोवरून परत आला. सहीचा चौकोन भरताना रेषेला स्पर्श होऊ देऊ नका.

अनघा_लेस्टर
नेत्राताई, धन्यवाद, पण फोटोचा प्रश्न नाही.
काळा_कोट, वय १८, गेल्याच महिन्यात पूर्ण झालं. एका अकॅडमीत सहा वर्षं होता, सोळाव्या वर्षी त्यांनी सोडलं. आता स्थानिक क्लबच्या पहिल्या संघात खेळतो, शनिवारी मोठ्या माणसांबरोबर. पेठेतला_प्रेक्षक, इथे चांगलं गवत आहे हे खरं, पण त्याने पावसात सकाळी साडेसहाच्या बस पकडल्यात. कुणाची जागा फुकट मागत नाही.
मग ओसीआय नाही तर काय? रायन विल्यम्सला कसं जमलं?

बालेवाडीचे_दिवस
रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं आणि भारताचं घेतलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये. जन्म पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळून झाला होता, त्यामुळे तिकडची संमती आणि फिफाची मंजुरी लागली. बांगलादेशविरुद्धच्या ढाक्याच्या सामन्याला ती वेळेत आली नाही, संघाबरोबर असूनही बाहेर राहिला. आपण तो सामना ०-१ हरलो.
पण तो पहिला नव्हे. पहिला आमचा अराता इझुमी. आई जपानी, वडील गुजराती, पुणे एफसीकडून खेळायचा. बालेवाडीला आम्ही जेमतेम काहीशे लोक असायचो, सामना संपल्यावर तो जाळीपाशी येऊन हात मिळवायचा. त्याने २०१२ मध्ये जपानचा पासपोर्ट सोडला. जपानचा! आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला. नीलकंठ खंभोलजा हे नावही घेतलं. त्याला 'बाहेरचा' म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

पेठेतला_प्रेक्षक
इझुमी इथे राहिला, इथल्या लीगमध्ये घाम गाळला, मग आला. त्याला माझा सलाम आहे. मी बोलतोय ते मलेशियासारख्यांबद्दल. व्हिएतनामला ४-० हरवलं आणि नंतर कळलं की सात खेळाडूंच्या आजी-आजोबांचे जन्मदाखले बनावट. फिफाने सप्टेंबर २०२५ मध्ये सातही जणांना १२ महिन्यांची बंदी घातली, संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड. एकदा शॉर्टकटची सवय लागली की माणूस तिथवर जातो.

फातोर्डेकर
मलेशियाने खोटे कागद केले, म्हणून खरे कागद असलेल्यांनी घरी बसायचं? मोरोक्को २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत गेला, २६ पैकी १४ जण देशाबाहेर जन्मलेले. हकिमी माद्रिदचा, झियेश नेदरलँड्सचा, गोलकीपर बोनो माँट्रियलचा. त्यांच्या आया मैदानात उतरून पोरांबरोबर नाचल्या, ते सगळ्या जगाने बघितलं. ती पोरं परकी होती काय?

सिंगापूरकर
साँगबद्दल थोडं, कारण मी त्याला इथे जालान बेसार स्टेडियमवर बरेचदा बघितलंय. तो २०१२ मध्ये किशोरवयात इथे आला, क्लबच्या लहान संघांतून वर गेला आणि २०२१ मध्ये नागरिक झाला. नऊ वर्षं. फातोर्ड्यातल्या गोलांनंतर इथल्या कॉफीशॉपमध्ये म्हातारे चिनी काका त्याचं नाव घेऊन ओरडत होते. मोरोक्कोची पोरं म्हणजे रक्ताचं नातं, साँग म्हणजे वास्तव्याचं. फिफाही दोन्ही मानते: खेळाडू स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबा त्या देशात जन्मलेले हवेत, नाहीतर अठरानंतर आलेल्याला पाच वर्षं तिथे राहावं लागतं. पासपोर्ट मात्र दोन्हीकडे आधी लागतो. हे दोन प्रकार एकाच टोपलीत टाकून भांडू नका.

काळा_कोट
अनघाताई, माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं राहिलीत. पासपोर्ट कुठला? शुक्रवारचा अर्ज कसला? ही दोन उत्तरं मिळेपर्यंत वरचं सगळं तुमच्या उपयोगाचं नाही.

सासष्टीची_सून
आमच्या गोव्यात उलटी गोष्ट आहे. ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याआधी, २०२० पर्यंत, लोक हेच करायचे: १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या नावावर लिस्बनला जन्मनोंदणी करायची, पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा आणि इंग्लंडमध्ये स्विंडनला कामाला जायचं. माझा दीर गोव्याच्या लहान गटात खेळलेला, उत्तम स्टॉपर होता. पोर्तुगीज कागद झाले तेव्हा घरात पेढे वाटले. भारतीय पासपोर्ट गेला, आता इथल्या क्लबमध्येही तो परदेशी खेळाडू ठरेल, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ट्रायलच्या वेळी कळलं. त्या रात्री जेवला नाही. म्हणून ताई, अर्ज कसला ते नीट सांगा.

अनघा_लेस्टर
मला वाटलं सांगितलं. अर्ज ब्रिटिश नागरिकत्वाचा. आम्ही तिघांनी एकत्र करायचं ठरवलंय, त्याचे पैसेही बाजूला काढलेत. ते झालं की लगेच ओसीआय, म्हणजे दोन्ही देश राहतील असा हिशेब होता. मुलाचा जन्म पुण्याचा, तो चार वर्षांचा असताना आम्ही इकडे आलो. सध्या तिघांचेही पासपोर्ट भारतीयच, इथे कायमच्या वास्तव्याचा परवाना आहे.

काळा_कोट
ताई, थांबा. मुलाचा अर्ज पाठवू नका.
तुमचा मुलगा आज भारतीय नागरिक आहे. पुण्यात जन्मलेला, भारतीय पासपोर्टवाला. भारताकडून खेळायला त्याला आज कुठलाही कागद नको, निवड झाली की पुरे. शुक्रवारचा अर्ज मंजूर होऊन ब्रिटिश नागरिकत्व मिळालं की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप संपेल. मग ओसीआय मिळेल, पण भारताच्या संघाचं दार बंद. आज जो हक्क त्याच्या खिशात आहे, तो टाकून तुम्ही कार्ड घ्यायला निघाला होतात.
परत यायचं म्हटलं तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मध्ये वाट आहे: ओसीआय म्हणून नोंद होऊन पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य हवं. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी पंचविशीच्या आसपास. विंगरची तीच उमेदीची वर्षं.
तुम्ही दोघांनी अर्ज करायला हरकत नाही. तो सज्ञान आहे, त्याचा निर्णय वेगळा होऊ शकतो. पाठवण्याआधी तिथल्या वकिलाला एकदा दाखवा.

फातोर्डेकर
देवा! म्हणजे आम्ही भांडतोय ते वेगळ्याच मुलाबद्दल.

पेठेतला_प्रेक्षक
पुण्याचा पोरगा आहे म्हणा की. मग माझी सगळी हरकत मागे. ताई, पासपोर्ट जपून ठेवा.

अनघा_लेस्टर
वाचून हातपाय गार पडले. दोन वर्षं आम्ही या अर्जासाठी पैसे साठवतोय आणि हे कुणी बोललं नाही. मुलगा आता सरावाला गेलाय, आल्यावर सांगते. पण भारतीय पासपोर्ट ठेवून इथे खेळण्यात अडचण येईल का? आणि उद्या भारतात खेळायला गेला तर इथलं वास्तव्य?

काळा_कोट
कायमचा परवाना असताना तिथे खेळायला किंवा काम करायला वेगळी परवानगी लागत नाही. मात्र सलग दोन वर्षांहून जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिला तर तो परवाना जातो. भारतात लीगसाठी आला तर अधूनमधून ब्रिटनला घरी जायला हवं, तारखा लिहून ठेवा. भारतीय पासपोर्टवर भारतातल्या क्लबमध्ये तो परदेशी कोट्यात धरला जाणार नाही, हा मोठा फायदा. त्याच पोराला ओसीआयवर परदेशी धरतील.

बालेवाडीचे_दिवस
ताई, त्याच्या पूर्ण सामन्यांचे व्हिडिओ जमवा. नुसत्या गोलांच्या तुकड्यांवर कुणी प्रशिक्षक विश्वास ठेवत नाही, चेंडू पायात नसताना पोरगा कुठे उभा असतो ते त्यांना बघायचं असतं. आणि सरळ राष्ट्रीय संघाचं दार वाजवू नका. आधी एखाद्या क्लबच्या राखीव संघात ट्रायल, मग २३ वर्षांखालचा कॅम्प. भारताचे सध्याचे प्रशिक्षक खालिद जमील स्वतः कुवेतमध्ये जन्मलेले आणि मुंबईत खेळून मोठे झालेले, बाहेर वाढलेल्या मुलाकडे ते तिरक्या नजरेने बघणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

पेठेतला_प्रेक्षक
पण इथल्या लीगचं काय चाललंय तेही सांगा त्यांना. आयएसएल या आपल्या मुख्य लीगचं २०२५-२६ चं पर्व थेट फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झालं. तोवर महिनोन्‌महिने व्यावसायिक खेळाडू सामन्याविना. अठरा वर्षांच्या पोराला दर शनिवारी तिथे सामना मिळतोय तो सोडून घाईने इकडे आणू नका. माझं ऐकाल तर दोन वर्षं तिथेच खेळू दे.

फातोर्डेकर
हे मात्र पटलं. आणि एक विचारतो, रागावू नका. तुमच्या पेठांच्या संघांतही परदेशी खेळाडू आणतातच ना?

पेठेतला_प्रेक्षक
आणतात, आणि मला ते आवडत नाही. तिथेही मी हेच बोलतो, गल्लीत वाईट झालो तरी. पण त्यातला एक जण आमच्या चौकात राहायचा, संध्याकाळी पोरांना कॉर्नर मारायला शिकवायचा. तो गेल्यावर पोरं आठवडाभर तिथे खेळली नाहीत. त्यामुळे माणसाबद्दल माझं काही म्हणणं नाही, जागेबद्दल आहे.

क्रिकेटवेडा_नाशिक
रॉबिन सिंग त्रिनिदादमध्ये जन्मला होता. भारतासाठी तिकडचं नागरिकत्व सोडलं. त्याच्याइतकी जीव टाकून फिल्डिंग करणारे तेव्हा किती होते? जन्म कुठला हे शर्ट चिखलात माखल्यावर दिसत नाही.

सौ_नेत्रा_न्यू_जर्सी
मुलाचा भारतीय पासपोर्ट कधी संपतोय तेवढं तपासा. पंधरापूर्वी काढलेला असेल तर लहान मुलांचा, पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तोवरच चालतो.

अनघा_लेस्टर
नेत्राताई, आत्ता कपाटातून काढून बघितला. गेल्याच महिन्यात, अठरा पूर्ण झाल्यावर संपलाय! तुमच्यामुळे लक्षात आलं. उद्याच नूतनीकरणाची वेळ घेते.
मुलगा आला. सगळं वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "आई, माझा फॉर्म बाजूला ठेव." आम्हा दोघांचाही अर्ज तूर्त थांबवलाय, वकिलाची वेळ सोमवारी मिळाली आहे. सासष्टीची_सून, तुमच्या दिराला माझा नमस्कार सांगा. आता तो कुठे खेळतो?

सासष्टीची_सून
स्विंडनलाच, रविवारच्या लीगमध्ये. सगळे आमचे गोंयकारच आहेत संघात. सांगते त्याला. तुमच्या मुलाचा सामना जवळपास कधी असेल तर कळवा, तो बघायला येईल.