मदत हवी आहे : फ्रीडरिशच्या ‘ओकवनातील मठ’ या चित्राचा अर्थ कसा लावावा?

नमस्कार. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश यांनी १८०९-१० मध्ये रंगवलेले ‘ओकवनातील मठ’ हे चित्र (सध्या बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत) मी काही दिवस पाहत आहे. निष्पर्ण ओकवृक्षांच्या मधोमध गॉथिक चर्चची एकच भग्न भिंत उभी आहे, बर्फात एक कबर उघडी आहे, आणि शवपेटी घेतलेले मठवासी त्या कबरीकडे न थांबता क्रूस असलेल्या दारातून पुढे निघाले आहेत.

ही भिंत उत्तर जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड या शहराजवळच्या एल्डेना येथील सिस्टर्शियन (एका कॅथलिक मठसंघाच्या) मठाच्या अवशेषांवरून घेतलेली आहे. तो मठ धर्मसुधारणेच्या (ल्युथर यांच्या कॅथलिक चर्चविरोधी चळवळीच्या) काळातच, सोळाव्या शतकात, बंद झाला होता. म्हणजे छप्पर नसलेल्या त्या जागी मठवाशांची अंत्ययात्रा निघणे प्रत्यक्षात अशक्यच. शिवाय फ्रीडरिश स्वतः ल्युथरपंथीय, म्हणजे प्रॉटेस्टंट होते. मग हे भग्नावशेष जुन्या, संस्थाबद्ध धर्माचा अंत सुचवतात, की नेपोलियनच्या फौजांनी व्यापलेल्या जर्मन भूमीचा शोक?

मला सर्वांत अधिक अडवते ते आकाश. चित्राचा खालचा भाग जवळजवळ काळोखात बुडालेला असताना वर पिवळसर उजेड आणि चंद्राची पुसट कोर दिसते. ती पहाट मानली तर दारापलीकडे पुनरुत्थानाची आशा आहे, असे मला वाटते. संध्याकाळ मानली तर मात्र सारे चित्र विझत जाते. १८१० मध्ये बर्लिनच्या अकादमीत हे चित्र फ्रीडरिश यांच्याच ‘समुद्राकाठचा मठवासी’ या चित्रासोबत मांडले गेले होते, तेव्हा दोन्ही एकत्रच वाचावीत का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.