वठलेली, बोडकी की निष्पर्ण?

टिळकवाडी: पोरीनं शिसपेन्सिलनं चित्र काढलंय, बर्फाच्या मुलखातला हिवाळा, तीन झाडं, पान एकपण नाही. बर्फ असा काढलेलाच नाही, कागद कोरा सोडलाय आणि बुंध्यापाशी तेवढं ६बीच्या गडद पेन्सिलनं काळं केलंय. प्रदर्शनात खाली कन्नड आणि मराठी दोन्ही ओळी पाहिजेत. कन्नड लगेच झालं, 'चळिगालद बोळु मरगळु', म्हणजे हिवाळ्यातली उघडी झाडं. मराठीत मी 'हिवाळ्यातली वठलेली झाडं' लिहिलं तर शेजारच्या काकी म्हटल्या, अगं वठलेलं म्हणजे मेलेलं. खरं काय?

खानापूर: काकींचं बरोबर. वठलेल्याला परत पालवी येत नाही, ते सरपणालाच. आमच्याकडं सरळ बोडकी म्हणतात. कन्नडातलं बोळु आणि आपलं बोडकं एकच असणार, माझी खात्री आहे.

निपाणी: कानाला सारखं लागलं म्हणून एक होत नाही हो. आणि बोडकी नकोच. आमच्या आज्जीच्या थोरल्या जावेला नवरा गेल्यावर केस काढायला लावलेले, सगळी तिला तेच म्हणायची. आज्जी झाडालासुद्धा तो शब्द लावू द्यायची नाही, 'खराटा झालाय झाडाचा' म्हणायची. निष्पर्ण लिहा, स्वच्छ मराठी आहे.

चिकोडी: निष्पर्ण घरात कोण बोलतंय?

जांबोटी: मुळात हिवाळाच अडतोय. आपल्याकडं पौषात रान हिरवंच, पानगळ खरी शिशिरात, माघ-फाल्गुनात, आणि ती थंडीपेक्षा जमिनीतली ओल आटते म्हणून. सावर, पांगारा पान टाकतात आणि उघड्या फांदीवरच लाल फुलतात. तसं नुसतं उघडं झाड आपण बघतोच किती दिवस?

खानापूर: खराटा पण चालेल, पण तो बारीक फांद्यांचा. चित्रात फांद्या कशा आहेत?

टिळकवाडी: बारीक, टोकाला एचबीची रेघ इतकी फिकट की कागद तिरका धरल्यावर दिसते.

चिकोडी: आणि शिसपेन्सिल का म्हणूलालाय? त्यात शिसं नसतंय, ग्राफाइट आणि माती असती.

निपाणी: आमचे मास्तर शिसपेन्सिलच म्हणायचे. शब्द वापरानं ठरतो, मघाशी निष्पर्णला तुम्हीच 'कोण बोलतंय' म्हटला की!

टिळकवाडी: शनिवारी चित्र द्यायचंय. पोरगी म्हणते, आई 'पानं झडलेली झाडं' लिही. चालेल?

जांबोटी: झडलेली का गळलेली? आमच्याकडं पान गळतंय, मोहोर झडतोय.