बाईकला बाहेरून क्रूझ कंट्रोल: गोव्यात लावणार तरी कुठे?

मनगटदुखी (पेडणे)
रोज पेडणे ते वेर्णा, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. गाडी हिमालयन 450. संध्याकाळी चहाचा कप उचलतानाही उजवं मनगट ठणकतं. माझ्या गाडीला कंपनीचं क्रूझ, म्हणजे ॲक्सिलरेटरची मूठ पिळून न धरताही वेग कायम ठेवणारी सोय, नाही. अपाचे आरटीआर 310 ला आहे, आता तर हिरोच्या 125 सीसी ग्लॅमर एक्सलाही आहे, म्हणून जास्तच चिडचिड होते.

गाडी राइड-बाय-वायर आहे, म्हणजे मुठीपासून इंजिनापर्यंत केबल नाही, वायर. मूठ पिळली की सेन्सरचं व्होल्टेज ईसीयूकडे (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे) जातं. बाहेरचं किट या दोघांच्या मधे बसतं आणि वेग टिकवायला लागेल तेवढी मूठ पिळलेली आहे असं ईसीयूला सांगत राहतं. ब्रेक किंवा क्लच दाबला की सुटतं. माझं मत: बसवावं. विरोध करा, पण कारण देऊन. ‘आमच्या वेळी’ नको.

साखळीचो
कारण घे. पत्रादेवी ते पोळे हा महामार्ग 66 सुमारे 140 किलोमीटर. त्यात सलग पाच मिनिटं एका वेगाने जाता येईल असे तुकडे मोजून दाखव. अटल सेतू सरळसोट आहे, पण तिथे दुचाकीला बंदी, आपण आपले खालच्या जुन्या पुलावरून. करमल घाटात वळणं. बाकी सगळीकडे गुरं, भाड्याच्या स्कूटरवर मॅप बघत चाललेला पर्यटक, नाहीतर उलट्या बाजूने येणारा पदेर (पाववाला). बोटं ब्रेकवर हवीत रे, बटणावर नकोत.

मनगटदुखी
उलट मूठ पिळून धरायची नसली की बोटं ब्रेकवर मोकळी राहतात! आणि मी फक्त गोव्यात थोडाच फिरतो? महिन्यातून दोनदा रत्नागिरीला जातो.

बुलेट_डिचोली
एवढा खर्च कशाला? थ्रॉटल लॉक घे. मुठीच्या टोकाला क्लॅम्प, अंगठ्याने दाबला की मूठ आहे तिथे राहते. ना वायर, ना ईसीयू. माझ्या केबलवाल्या गाडीला दोन वर्षं आहे.

वायरिंगवाला (फोंडा)
त्याला क्रूझ म्हणू नका हो. लॉक मूठ धरून ठेवतो, वेग नाही. कुठ्ठाळीहून वेर्ण्याचा चढ लागला की 70 ची 55 होते, आणि येताना त्याच उतारावर गाडी पळत सुटते. शिवाय मूठ सोडली की ॲक्सिलरेटर आपोआप बंद करणारी स्प्रिंग असते, तिलाच तुम्ही अडवून ठेवता. ब्रेक दाबला तरी लॉक सुटत नाही, मूठ हातानेच मागे फिरवावी लागते. घाबरलेला माणूस आधी मूठ आवळतो, हे गॅरेजात बसून रोज ऐकतो.

इलेक्ट्रॉनिक किट त्यापेक्षा शंभर पटीने बरं, पण ते ब्रेक लाइटच्या स्विचवर विसंबून असतं. आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस. स्विचच्या आत हिरवा गंज चढतो आणि लाइट कधी पेटतो, कधी नाही. एरवी मागच्याला दिसत नाही एवढंच, पण किट असेल तर ब्रेक दाबल्याचं किटला कळतच नाही. निघताना पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून लाइट बघायचा. दोन्ही एकदम दाबून बघितलं तर एक मेलेला स्विच लपतो.

पावसात तर क्रूझ बंदच. वेग पुढच्या चाकावरून वाचला जात असेल आणि मागचं चाक चिखलावर घसरायला लागलं, तर किटला वाटतं वेग कमी झाला, आणि ते आणखी इंधन देतं.

काळो_कोट (म्हापसा)
मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलं का कोणी? उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीने 182ए(4) आलं: बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. क्रूझ त्यात बसतं की नाही यावर मी दोन्ही बाजूंनी भांडू शकतो, पण अपघातानंतर विमा कंपनीही भांडेल. आधी लेखी कळवा.

साखळीचो
बघ! मनगटाचं औषध कोर्टात.

बुलेट_डिचोली
मग मुठीवर बसवून तळहाताने दाबायची ती प्लास्टिकची पट्टी मिळते, तिला पण दंड काय? 😄

पायलट_म्हापसा
मी स्टँडवर पिवळ्या मडगार्डची गाडी, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, चालवतो, दिवसभर. मनगट दुखतं ते मूठ चिंचेसारखी पिळून धरल्याने. हँडल थोडं वर फिरवून घे, पुढचा ब्रेक लिव्हर थोडा खाली घे, म्हणजे मनगट सरळ राहतं. पाना लागतो, पैसे नाहीत. ती पट्टी मी लावली होती. ट्रॅफिकमध्ये वळवताना तळहात तिच्यावर पडला, गाडी उडी मारून पुढच्या रिक्षाला टेकली. काढून टाकली.

मनगटदुखी
पायलटबाब, हँडल कालच फिरवलं. खरंच फरक आहे, सगळा नाही पण आहे. आणि वायरिंगवाल्यांचं ऐकून स्विच तपासले: मागच्या ब्रेकचा लाइट तीनदा दाबला तर एकदाच पेटतो. गाडी अजून दोन वर्षांची नाही! किट घेणार, पण वायर कापून जोडायचं नको, कपलरवालं (नुसतं प्लगसारखं खोचायचं), आणि पावसाळा संपल्यावर.

साखळीचो
घे बाबा. पण आधी तो स्विच बदल. आज तुझ्या मागून येणारा मीही असू शकतो.